गर्दीबाईंचं एक वाक्य

आधी नाव सांगते, मग बाकीचं. गर्दीबाई. पुण्यात मला जे काही नीट मिळालं ते या बाईंमुळे. काम मिळालं, कामात मान मिळाला, चारचौघांत तोंड उघडायची भीती गेली. थोडी उरली आहे, पण ती माझी स्वतःची.

त्यांचं खरं नाव मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही, कारण जिथे आधी यायला हवं होतं तिथे ते अजून आलेलं नाही.

स्टुडिओत आल्या की त्या सगळ्यात आधी हातातल्या बांगड्या काढायच्या. बांगड्या रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स बाहेरच्या स्टुलावर. मग काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टकडे बघून विचारायच्या, "काय आहे आज? लग्न की मयत?"

तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण ऐकलं नक्की आहे. मराठी मालिकेत घरातलं कुणी गेलं, पांढऱ्या कपड्यांतले लोक आले आणि मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला, की त्या आवाजात एक बाई अशी असते जी बाकीच्यांपेक्षा अर्धा श्वास उशिरा रडते. त्या उशिरानेच ते रडणं खरं वाटतं. ती बाई म्हणजे आमच्या गर्दीबाई. आजही त्याच. मी आज म्हणते आहे, आणि त्या जाऊन दुसरं वर्ष चालू आहे.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळघरात आमचा स्टुडिओ. सिनेमा-मालिकांना आवाज द्यायचं काम तिथे चालतं. हिरो-हिरॉइन आपापलं बोलून जातात, पण त्यांच्या मागे जी माणसं असतात त्यांचा कल्लोळ वेगळा करावा लागतो. पाच-सहा जण एका माइकभोवती उभे राहतात, चार-चार वेळा ओरडतात, आणि त्याची दोनशे माणसं होतात. ती पाच-सहा जमवायची, उभी करायची आणि त्यांत स्वतःही उभं राहायचं, हे बाईंचं काम. मी जन्मले नसेन तेव्हापासूनचं.

बाईंच्या मते जगात गर्दी दोनच प्रकारची. बाजार, जत्रा, शाळा सुटणं, क्रिकेटची मॅच, हे सगळं लग्न. कोर्ट, दवाखाना, पोलीस चौकी, रेशनची रांग, ही मयत.

"आणि निवडणुकीची सभा?" मी एकदा विचारलं.

"आत्ता लग्न. निकाल लागू द्या."

गर्दीचा एक नियम होता. त्यातून शब्द बाहेर यायला नको. शब्द कळला की प्रेक्षकाचं लक्ष हिरोवरून उडतं. म्हणून बाईंनी सगळ्यांना भाज्या लावून दिल्या होत्या. प्रत्येकाने आपली भाजी पुटपुटायची. शांत गर्दी असेल तर मेथी, पालक, शेपू. भांडण असेल तर कारलं, दोडका, तोंडली. तुम्ही एखाद्या सिनेमात गावचा मोर्चा पाहून भारावला असाल, तर माफ करा, तिथे सहा माणसं पोटतिडकीने दोडका दोडका ओरडत होती.

"गर्दीला अर्थ नसतो हो," बाई म्हणायच्या. "अर्थ तिकडे, हिरोच्या तोंडात. आपण नुसता जीव घालायचा."

मी भंडारा जिल्ह्यातली. सातवीनंतर शाळा सुटली. आई आजारी, घरात मी थोरली, त्यामुळे सुटली म्हणण्यापेक्षा सोडायला लावली. पुढे आई गेली, तेव्हा मी इकडे पुण्यात होते आणि वेळेवर पोचले नाही. विश्रांतवाडीत माझा भाऊ राहतो, कंपनीत आहे. त्याच्याकडे आले आणि शेजारच्या एका ताईने स्टुडिओत झाडूपोछा आणि चहाचं काम लावून दिलं. तळघरात सगळे हळू बोलत. मी तर बोलतच नसे. तोंड उघडलं की लोक हसतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

एके दिवशी गर्दीतली एक बाई आली नाही. कोर्टाचा प्रसंग होता. आरोपीवर लोक धावून जातात, असं काहीतरी. गर्दीबाईंनी माझ्या हातातला पोछा काढून भिंतीला टेकवला आणि मला माइकपुढे नेलं. म्हणाल्या, "तुमची भाजी भोपळा."

लाल दिवा लागला. पडद्यावर एका पोराला लोक मारत होते. मला भोपळा आठवलाच नाही. माझ्या तोंडून निघालं, "अरे, काहून मारून राहिले गा त्याले!"

मग काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट पराग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे सर म्हणत, तेही तिथेच होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे कोर्ट पुण्यातलं आहे."

मला वाटलं, गेलं काम. मी पोछ्याकडे निघालेसुद्धा.

गर्दीबाई जागेवरून हलल्या नाहीत. "असेना पुण्यातलं. पुण्याच्या कोर्टात भंडाऱ्याची माणसं येत नाहीत असा नवा कायदा आलाय का? अहो सर, ऐका तरी परत. एवढ्या सगळ्यांत त्या पोराला वाचवायला एकच बाई धावलीये. राहू द्या ती."

राहू दिली. तो टेक आजही त्या सिनेमात आहे. त्या दिवसापासून बाई मला भंडारा म्हणायला लागल्या. "काय भंडारा, जेवलात का? की भंडाऱ्यानेच उपाशी राहायचं?" मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी अहो-जाहो. मी म्हटलं, "बाई, मले अगं म्हणा ना." तर म्हणाल्या, "अगं म्हणायला खर्च नाही, म्हणून सगळेच म्हणतात. मी अहो म्हणते, ते घ्या."

घरी जाताना आम्ही मनपाच्या स्टॉपपर्यंत एकाच बसने यायचो. तिथून त्या चालत कसबा पेठेत, मी दुसरी बस धरून विश्रांतवाडीला. तांब्याची भांडी ठोकतात त्या आळीत, एका दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती. दिवसभर खालून ठोके. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "तुमाले त्रास नाही होत जी?" त्या म्हणाल्या, "रविवारी होतो. दुकान बंद असतं ना."

मयतीचं रडणं मी त्यांच्याकडूनच शिकले. पहिल्यांदा माइकपुढे उभी केली तेव्हा मला माझी आई आठवली आणि मी खरोखरच रडायला लागले. परागने हात हलवला, काही ऐकू येत नाही म्हणाला. बाईंनी मला बाहेर नेलं, पाणी दिलं. "खरं रडू माइकला चालत नाही, भंडारा. खरं फार हळू असतं. ते घरी नेऊन रडा. इथे पोटातून हवा सोडायची, वर ह लावायचा. बास." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आई कधी गेल्या?" असं विचारलं. तेवढंच.

आता जे सांगायचं ते सांगते.

बाईंनी इतकी वर्षं दोनशे माणसांचे आवाज काढले, पण त्यांच्या वाट्याला वाक्य म्हणून आलं ते एकच. कर्वेनगरातल्याच एका तरुण मुलाने मराठी सिनेमा केला. कर्ज काढून, मित्र जमवून. त्यात दवाखान्याचा एक प्रसंग होता. आजारी माणसाजवळ शेजारीण येऊन बसते. त्या शेजारणीचं काम त्याने बाईंना दिलं. चेहरा दिसणार होता, पडद्यावर नाव येणार होतं आणि एक वाक्य होतं: "गॅस बंद करून आलेय मी. आता कितीही वेळ बसते."

इतकंच. पण बसमध्ये बाईंनी ते मला किती तऱ्हांनी म्हणून दाखवलं असेल! कधी 'गॅस'वर जोर, कधी 'मी'वर. एकदा कंडक्टर म्हणाला, "आजी, कितीही वेळ नाही बसता यायचं, मनपाला उतरायचंय." बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही पहिले प्रेक्षक. टाळी द्या नाहीतर तिकीट."

त्या सिनेमाचं आवाजाचं काम आमच्याच स्टुडिओत झालं. सेन्सॉरचा कागदही मिळाला. मग तो सिनेमा थांबला. आधी थिएटर मिळेना. मिळालं तर सकाळचा एकच खेळ, तोही गावाबाहेरच्या मॉलमध्ये. त्या आठवड्यात मोठा हिंदी सिनेमा आला की तोही गेला. पुढच्या वेळी दक्षिणेतला डब केलेला सिनेमा आला. गंमत बघा, त्या डब केलेल्या सिनेमातली गर्दी आम्हीच केली होती. ज्या सिनेमाने बाईंचा चेहरा अडवला, त्यात बाईंचाच आवाज होता. मोबाइलवर दाखवणाऱ्या कंपन्यांनी विचारलं, यात ओळखीचा नट कोण? ओळखीचं कुणी नव्हतं.

तो दिग्दर्शक मुलगा स्टुडिओत आला की बाई बांगड्या काढायच्या आधी त्यालाच गाठायच्या. "तारीख मिळाली का?"

"यंदा नक्की, बाई."

दरवर्षी यंदा. पुढे तो यायचाच थांबला.

इकडे गर्दीचं कामही कमी होत चाललं. सहाची चार माणसं झाली, चारची दोन. सर म्हणायचे, सगळं संगणकात तयार मिळतं. मला रोज धास्ती. पण मला पोछा तरी होता. बाईंकडे तोही नव्हता.

मग एका दुपारी बाईंना एकट्यांना बोलावलं. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून हिरॉइनसारख्या जिना उतरल्या. सरांनी चहा मागवला, जो एरवी गर्दीला मागवत नसत. मग तीन पानांचा इंग्रजी कागद पुढे ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "भंडारा, वाचा. तुम्ही शिकताय ना इंग्रजी?"

शिकत होते. भाचीच्या पुस्तकातून अक्षरं, आणि बसच्या खिडकीतून पोस्टरं. वर मोठ्या अक्षरांत दोन शब्द होते. पहिला मला जमला नाही. दुसरा जमला. आर, ई, एल. तो शब्द माझ्या पक्क्या ओळखीचा होता, कारण तो प्रत्येक सिनेमाच्या पोस्टरवर असतो.

मी म्हटलं, "बाई! रिलीज! रिलीजचा कागद हाय जी! आपला सिनेमा रिलीज होऊन राहिला!"

बाईंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. कागद डोळ्यांजवळ नेला, त्यांना काही दिसलं नसणार, पण त्या शब्दावरून बोट फिरवलं. "हाच का?"

"हाच."

तिन्ही पानांवर त्यांनी सही केली. पूर्ण नाव, वळणदार, मधल्या नावासकट. परागने काचेपलीकडून माइकवर विचारलं, "बाई, नीट वाचलंत ना?"

"भंडारांनी वाचलंय," बाई म्हणाल्या. इतक्या अभिमानाने, की मी मान खाली घातली. लाजून. परागनेही घातली. त्याने का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडून सगळं करून घेतलं. एकटीचं रडणं, हुंदका, हसणं, किंचाळी, धाप, कुजबुज, लांबून मारलेली हाक. प्रत्येक पाच-पाच वेळा. बाईंनी इतकं सुंदर कधी केलं नव्हतं. आनंदात होत्या. आनंदातल्या माणसाला रडणं चांगलं जमतं, असं मला त्या दिवशी वाटलं. जाताना त्यांनी पेढे घेतले. आळीत दुकानादुकानात जाऊन सांगितलं, सिनेमा येतोय, मी आहे त्यात.

त्यानंतर त्यांना बोलावणं आलं नाही. त्यांना वाटलं, सगळे सिनेमाच्या गडबडीत असतील. मलाही तसंच वाटलं.

एके दिवशी मी जिना पुसत होते आणि आतून बाईंचं रडणं ऐकू आलं. मी आनंदाने पोछा टाकून धावले. दार ढकललं. माइक होता, समोर कुणी नव्हतं. पडद्यावर कुठल्या तरी मालिकेतली मयत चालली होती आणि पाच गर्दीबाई एकदम रडत होत्या. पाचही अर्धा श्वास उशिरा.

मी परागला विचारलं, "बाई कुठी हायेत?"

तो संगणकाकडे बघत राहिला. "त्यांची आता गरज नाही. आवाजांच्या लायब्ररीत घेतलंय सगळं. सही केलीये ना त्यांनी, व्हॉइस रिलीज." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "रिलीज म्हणजे हक्क सोडून देणं, ताई. त्यांनी आवाज दिला आपल्याला. कायमचा."

मी त्याच दिवशी काम अर्धं टाकून कसबा पेठेत गेले. जिन्यात दोनदा बसले. खालून ठोके चालू होते, त्यामुळे मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं. अशी गोष्ट मोठ्याने सांगावी लागणं किती वाईट असतं, ते तुम्हाला काय सांगू. शब्द माझा चुकला, मी म्हटलं. मीच वाचला.

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रिलीज झाले. सिनेमा राहिला."

मी रडायला लागले.

"अहो, गप्प बसा. त्या शब्दाची वाट मी बघत होते. तुम्ही दुसरं काहीही वाचलं असतंत, तरी मला तोच ऐकू आला असता." मग विचारलं, "कशात घातलंय?"

"एका मयतीत."

"बरी रडलेय?"

"हो जी."

"मग झालं तर."

एकदा त्या सरांना भेटायला गेल्या. मी दाराशी उभी होते. सर उठून उभे राहिले, खुर्ची दिली. वाईट माणूस नव्हे तो. म्हणाले, "बाई, मराठी सिनेमाला थिएटर नाही, पैसा नाही. निर्माता म्हणतो, गर्दी फुकटात असेल तर दे. मी उद्या हे तळघर ठेवू शकेन की नाही, मलाच ठाऊक नाही." बाईंनी चहा घेतला. उठताना म्हणाल्या, "तो कागद मराठीत असता, तरी मी केली असती हो सही. पण मग पेढे वाटले नसते."

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, एका रविवारी. वैकुंठ स्मशानात आम्ही नऊ जण होतो, त्यांतले पाच आळीतले कारागीर.

मी अजून तिथेच काम करते. कुठे जाणार? आता गर्दीचा आवाज लावायचा असला की पराग फाइल उघडतो आणि मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहते. पण त्याने भागत नाही. विश्रांतवाडीच्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर सिनेमा चालू असतो, त्यात कुणीतरी मरतं आणि बाई रडतात. शेजारच्या घरात टीव्हीवर लग्न लागतं आणि बाई हसतात. एकदा घरी टीव्हीवर एका किंचाळीआधी मला बारीक आवाज आला. घसा साफ केल्याचा. फाइल कापताना कुणाकडून तरी तेवढा तुकडा राहून गेला असणार. रडणं, हसणं ही सगळी गर्दी होती. घसा साफ करणाऱ्या मात्र बाई स्वतः होत्या. वहिनी म्हणाली, काय झालं, घाम का आला? मी काही नाही म्हटलं.

आता स्टुडिओत कुणीही नवीन आलं आणि सरांनी कागद पुढे केला, की मी चहा ठेवताना म्हणते, "घरी न्या, दुसऱ्याकडून वाचून घ्या. माझ्याकडून नको." सर ऐकतात. मला थांबवत नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्या दिग्दर्शक मुलाला शोधून काढलं. तो आता एका आयटी कंपनीत आहे. सिनेमा त्याच्या कपाटात, एका छोट्या डबीत. तो म्हणाला, "लॅपटॉपवर आत्ता दाखवतो, या ना." मी नको म्हटलं. चार लोकांमध्ये बसून पाहण्यासाठी केलेली गोष्ट मी एकटीने पाहिली असती, तर ती परत कपाटातच गेली असती. मी विचारलं, "हॉल मी बघितला तर द्याल?" तो हसला. मग हसायचा थांबला आणि हो म्हणाला.

विश्रांतवाडीत आमच्या विहाराचा हॉल आहे, पडदा आणि यंत्र भाड्याने मिळतं. कसब्यातल्या कारागिरांना मी सांगून ठेवलं आहे. किती दिवस लागतील माहीत नाही. पण बाई, मी तुमचा सिनेमा लावणार. सरांना बोलावणार, परागला बोलावणार. आणि दवाखान्याचा प्रसंग आला की मी उठून उभी राहीन, आणि तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत त्या हॉलमधल्या एकाही माणसाला तोंड उघडू देणार नाही.